बोकडाच्या तोंडचं भाकीत

वडवणीच्या बाजारात त्या दिवशी मिरच्यांचे ढीग राखायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. विकणारे आणि घेणारे सगळे पिंपळाच्या पाराभोवती दाटले होते, कारण पारावर मोहरबाबा बसले होते. कपाळाला भस्म, खांद्यावर हिरवी शाल आणि मांडीवर काळ्या कातडी बांधणीचं जाडजूड बायबल. हिंदूला भस्म, मुसलमानाला शाल आणि दोन्हींनी ज्याचं समाधान होत नाही त्याला पुस्तक. कुणी रिकाम्या हातानं परत जाऊ नये, अशी बाबांची सोय होती.

मी बद्रीनाथ मास्तर. मारुतीच्या ओसरीवर खाजगी शाळा चालवायचो आणि गावात माझी ख्याती एकच होती, की मास्तरला कशाचंच कौतुक नाही. मी गर्दीच्या मागं उभा होतो.

विलायतेत लढाई पेटून तीन महिने झाले होते. आमच्या मोगलाईत, म्हणजे हैदराबादच्या राज्यात, तिची बातमी उशिरा यायची आणि तुकड्यातुकड्यांनी यायची. मोहरबाबांचं म्हणणं असं, की या पुस्तकावर सात मोहरा, म्हणजे लाखेसारखे शिक्के आहेत, एकेक मोहर फुटली की पुढचं दिसतं, आणि त्या फोडायचा मक्ता त्यांच्याकडं आहे. दसऱ्याच्या सुमाराला पहिली फुटली: समुद्रातून एक श्वापद निघेल आणि उगवतीच्या किनाऱ्यावर आग ओकेल. आठ-दहा दिवसांनी बीडच्या कचेरीचा शिपाई सांगत आला, की जर्मनांच्या एमडन नावाच्या बोटीनं मद्रासवर तोफा डागल्या. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या बाजारात दुसरी फुटली: तुर्क तलवार उपसेल, आणि तीही इंग्रजावर. सहा दिवसांत तीही बातमी आली. आता लोकांना तरी काय दोष द्यायचा? जो माणूस दोनदा खरा ठरला, त्याचं तिसऱ्यांदा ऐकायला वेडंच असावं लागत नाही.

आज तिसरी मोहर होती. बाबांनी पुस्तक उघडून चेहऱ्याजवळ धरलं.

"नदीच्या काठी मेंढा उभा आहे. दोन शिंगांचा मेंढा. मावळतीकडून बोकड येतो आहे, आणि त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. शेजारचं राज्य शेजारच्या राज्यावर उठेल. आता ही नदी कोणती? मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

धनगरांमधून धोंडीराम म्हणाला, "सीना?"

"मी म्हणालो का सीना? मी नाही म्हणालो. तुझ्या मुखातून निघालं." बाबांनी मान हलवली. "सीनेच्या अलीकडं कोण?"

"आमी. मोगलाई."

"पलीकडं, मावळतीला?"

"विंग्रजी मुलूख. नगर."

"म्हणजे मेंढा कोण आणि बोकड कोण, हे तुम्हीच ओळखलंत. मी निमित्त."

लोकांच्या अंगावर काटा आला. तुर्कांचा सुलतान इंग्रजाशी लढतोय, आता हैदराबाद कुणाच्या बाजूनं उभं राहील याची कुजबुज गावोगाव होतीच. ती बाबांनी लोकांकडूनच काढून घेतली आणि भविष्य म्हणून त्यांनाच परत दिली. शिवाय हे सगळं मेंढा आणि बोकड यांच्या भाषेत. धनगराला यापेक्षा जवळचं काय असतं?

"आणि समुद्रातलं श्वापद?" कुणीतरी विचारलं.

बाबा पुन्हा पुस्तकात डोकावले. "ते एका बेटापाशी दिसलं आहे. दुसरं एक श्वापद त्याच्यावर चालून गेलं आहे. आणि दोहोंमध्ये..."

इथं ते थांबले. पान उलटलं, परत मागं केलं.

"दोहोंमध्ये काय, बाबा?"

"पुढची मोहर फुटायची आहे."

"पर जितंल कोण?"

"समुद्रातलंच जिंकेल," बाबा घाईनं म्हणाले. "मग ते जमिनीवर येईल. सीनेच्या दोन्ही काठांवर फौजा उतरतील, आणि फौज आधी काय खाते? मेंढरं. परवा सकाळी तुमचे कळप गावाबाहेरच्या माळावर आणा. मी ते नगरच्या पुढं डोंगरात सुखरूप ठेवीन. लढाई सरली की ज्याचं त्याला परत."

बाबा फुकट राखण करणार म्हटल्यावर लोकांनी हात जोडले. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. केजकडच्या दोन वाड्यांचे कळप असेच पंधरा दिवसांपूर्वी गेल्याचं मी ऐकलं होतं. आणि सीना ओलांडली की मोगलाईचा शिपाई मागं जाऊ शकत नाही. ते दुसरं राज्य.

हे मी धोंडीरामला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मास्तर, तुमाला मेंढरू एक न्हाई. तुमचं काय जातंय?"

मी घराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आत सारजाबाई ओसरीपाशी येऊन उभी राहिली. धोंडीरामची थोरली भावजय. नवरा तीन वर्षांमागं तापानं गेला, मूलबाळ नाही. साठ मेंढरं आणि एक दांडगट बोकड एवढाच तिचा संसार, आणि तोही घरचा कर्ता म्हणून धोंडीराम उद्या माळावर नेणार होता.

"मास्तर, ह्यो कागुद वाचा," ती म्हणाली, आणि कनवटीतून चुरगळलेला तुकडा काढला. एका कडेला ओळीनं दातांचे ठसे होते.

"हा कुठला?"

"बोकडाच्या तोंडातला. आमी कपिलधारच्या डोंगराला चारायला गेलतो. तितं कपारीत बाबा ऱ्हातो. नगरकडून एक घोडेस्वार आला, बाबाला पुडकं देऊन गेला. बाबा धारंखाली आंघुळीला गेला अन् ह्या मुडद्यानं कपारीत तोंड घातलं. मी धावले तवर अर्धा कागुद फाडून घेतलता. बाबानं येऊन बोकडाला लाथ घातली, उरल्याला कागुद उचलला अन् गेला. ह्यो तुकडा तोंडातच ऱ्हायलता. मी वडून काढला."

"मग बाबाला परत का नाही दिलास?"

"मंतराचा आसंल, बोकडाला शाप दील, म्हून भ्याले. पर काल त्यो बोलता बोलता आडला. त्याचं तोंड मी बगितलं. मेंढरं मोजताना मधीच आकडा इसरलेल्या गड्याचं आसतं तसं झालतं. मंतर आसा आर्धवट ऱ्हातो व्हय?"

तुकडा एका मराठी वर्तमानपत्राचा होता. कोपऱ्यात तारीख होती, बारा नोव्हेंबर. पंचांग काढून ताडलं, तर बाजाराच्या पाच दिवस आधीची. आमच्याकडं लोक तिथी मोजतात, कचेरी सरकारी फसली सालाचे महिने मोजते आणि कागदावर इंग्रजी तारीख असते. तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं मलासुद्धा आजवर सुचलं नव्हतं. मग मी पहिली ओळ वाचली. ओळ मधूनच सुरू होत होती: "तुंबळ लढाई होऊन एमडन पेटली व खडकावर चढून निकामी झाली."

बाबा अडले होते ते 'दोहोंमध्ये' या शब्दावर.

"काय लिवलंय?" सारजाबाईनं विचारलं.

"बाबाचं राहिलेलं भविष्य. तुझ्या बोकडानं खाल्लेलं."

ती हसली नाही. "मग माजी मेंढरं वाचत्यात का?" एवढंच म्हणाली.

मी तिला घेऊन केशरबाईकडं गेलो. केशरबाई नगरकडची ख्रिस्ती बाई. गावाच्या कडेला राहायची, अडल्या बायकांची बाळंतपणं करायची. ज्या पुस्तकानं सगळा गाव दोन महिने थरथरत होता ते आरंभापासून शेवटापर्यंत वाचलेलं माणूस वडवणीत एकच होतं, आणि त्याला कुणी एक शब्द विचारला नव्हता. कारण तिच्या घरचं पाणी चालत नाही. गावाचं राहू द्या, रोज शहाणपण शिकवणारा मीही तिच्या उंबऱ्याशी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. त्याची लाज मला अजून वाटते.

मी मेंढ्या-बोकडाचं विचारल्यावर तिनं आपलं पुस्तक उघडलं. "हे तर दानियेल संदेष्ट्याचं स्वप्न. त्यात सीना नाही, नगर नाही, हैदराबाद नाही. मेंढा म्हणजे फार जुन्या काळचे मेदी आणि पारसी राजे, बोकड म्हणजे ग्रीकांचा राजा. हा अर्थ मी लावलेला नाही मास्तर, त्याच अध्यायात खाली लिहिलाय. अन् जगाचा शेवटला दिवस कुणालाच ठाऊक नाही, हेही ह्याच पुस्तकात आहे."

"म्हणजे बाबा अर्ध्यातच पुस्तक मिटतो."

"पुढं वाचलं तर धंदा कसा चालायचा?" ती म्हणाली.

ठरल्या सकाळी माळावर पाच-सातशे मेंढरं जमली. बाबा एका दगडावर पुस्तक घेऊन उभे होते, आणि लांब बाभळीखाली एक घोडेस्वार वाट पाहत होता. धोंडीराम सारजाबाईची मेंढरं हाकत पुढं आला. ती मागून बोकडाची दोरी धरून चालत होती.

केशरबाई पुढं झाली. "बाबा, माझ्याकडंही हेच पुस्तक आहे. अध्याय कितवा ते सांगा. मी तुमच्यासंगती वाचते."

"मोहरेला अध्याय नसतो," बाबा म्हणाले.

"मग मेंढ्याचा अर्थ खाली लिहिलाय तो वाचून दाखवा."

गर्दीतून आवाज आला, "हिचं काय आयकायलात, बाबाला बोलू द्या." लोक ओरडले आणि बाबांना बळ चढलं. तेव्हा मला कळलं, की खरा अर्थ सांगून इथं काही व्हायचं नाही. मी दगडावर चढलो आणि डोळे मिटले.

"मलाही दिसतंय," मी म्हणालो. "दोहोंमध्ये तुंबळ लढाई झाली. समुद्रातलं श्वापद पेटलं, खडकावर चढलं आणि निकामी झालं. ते हरलं. ते आता कुठंच येत नाही."

डोळे उघडले तर धोंडीराम माझ्या पायांपाशी वाकला होता.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "तुमाला कवापासून दिसायलंय?"

परवा ज्याला माझा शब्द पटत नव्हता, तो माणूस नुसते डोळे मिटल्याबरोबर पाया पडत होता. इतकं सोपं असतं ते. त्या क्षणी मला बाबांपेक्षा स्वतःची जास्त भीती वाटली. आणखी चार वाक्यं बोललो असतो तर ती सातशे मेंढरं माझी होती.

"ऊठ, धोंडीराम," मी म्हणालो. "मला काही दिसत नाही. मी वाचलं." आणि तुकडा वर धरला. "बाबाही वाचतात. नगरला आलेली बातमी घोड्यावरून त्यांच्याकडं आधी येते, आपल्या कचेरीत मागून येते. मधल्या दिवसांत झालेलं ते होणार म्हणून सांगतात. ह्या खेपेला अर्धी बातमी बोकडानं खाल्ली, म्हणून बाबा अर्ध्यात अडले."

"पाखंडी आहे हा," बाबा म्हणाले. "त्या कागदाचा माझ्याशी काय संबंध?"

"मग पुस्तक झटकून दाखवा."

बाबांनी पुस्तक छातीशी धरलं, मग डोक्यावर उचललं. सारजाबाईनं दोरी सोडली. बोकडाला एकदा कागदाची चटक लागली होती. तो सरळ दगडापाशी गेला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन्ही पाय त्यानं बाबांच्या पोटावर टेकले. बाबांचा तोल गेला, पुस्तक खाली पडलं, आणि आतून घडी घातलेला अर्धा कागद बाहेर आला.

तो मी उचलणार होतो, पण धोंडीराम आधी वाकला. त्याला अक्षराची ओळख नव्हती. त्यानं माझ्या हातातला तुकडा घेतला, दोन्ही जमिनीवर ठेवले आणि फाटलेल्या कडा एकमेकींना लावल्या. दाताला दात बसला. मग उठून बाबासमोर गेला.

"केजवाल्यांची मेंढरं कुटं हायत बे?"

बाबानं मागं वळून पाहिलं. बाभळीखालचा घोडा तेवढ्यात दिसेनासा झाला होता. बाबाला पोलीस पाटलाकडं नेलं. लढाईमुळं नगरला मटणाला भाव आला होता आणि केजची मेंढरं केव्हाच पलटणीच्या पोटात गेली होती, हे पुढं त्यानंच कबूल केलं. ती कुणाला परत मिळाली नाहीत. आमची वाचली.

पाचव्या दिवशी बीडचा शिपाई एमडनची बातमी घेऊन आला, तेव्हा लोक म्हणाले, "म्हायीतीय." हैदराबाद इंग्रजाच्या बाजूनं राहिलं, आणि सीनेवर मेंढराशिवाय कुणी पाणी प्यायला आलं नाही.

पण खरी गंमत पुढच्या बाजारात झाली. सारजाबाई बोकड घेऊन आली, तर दोन बायका त्याला कुंकू लावून पाया पडत होत्या. देवाचा बोकड, म्हणे, त्यानं खोटा बाबा ओळखला. सारजाबाईनं पदर ओला करून ते कुंकू पुसून टाकलं.

"त्याला कागुद खायची खोड हाय," ती म्हणाली. "दुसरं काय बी न्हाई. वळखलं ते मी."

मी इतकी वर्षं शाळा चालवली, पण याहून चांगलं वाक्य फळ्यावर कधी लिहिलं नाही. म्हणून वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. कुणी जुनं पुस्तक उघडून उद्याच्या लढाया सांगू लागला, शेजाऱ्याला शत्रू ठरवू लागला, तर त्याच्या पायावर डोकं ठेवण्याआधी पुस्तक हातात मागा आणि तो थांबला त्याच्या पुढची ओळ वाचा. आपल्याला वाचता येत नसेल, तर येतं त्याच्याकडं जा, मग त्याच्या घरचं पाणी चालत असो वा नसो. दर वेळी बोकड मदतीला येत नाही.