मी खोलगटच राहणार

मित्रांनो, मी एक जुनी गच्ची आहे. गावाच्या सभागृहावरची. आणि मधे खोलगट, परातीसारखी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबते.

आमच्या भागात पाऊस येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा, चपलासुद्धा न काढता परत जातो. बाकीची छपरं त्याला बाहेर ढकलतात. मला मात्र बांधणाऱ्या गवंडीणबाईनं मुद्दाम आत उतार दिला. पडेल तो थेंब माझ्या मधल्या भोकातून नळात, नळातून सभागृहाखालच्या टाकीत. विहिरी आटल्या की अख्खं गाव माझंच पाणी पितं. आणि मलाच म्हणतं काय, तर 'पोचा पडलेली परात'!

एका वर्षी पाऊस दणकून आला. माझं भोक कशानं तरी तुंबलं. मी काठोकाठ भरले आणि जिन्यातून धबधबा थेट खाली चाललेल्या सभेत! सभागृहाचा कारभारी हातोडा घेऊनच वर आला.

"फोडतो ही परात! चारचौघांसारखी सपाट गच्ची घालू."

"आणि उन्हाळ्यात काय प्याल?" त्याच्या मागोमाग आलेल्या गवंडीणबाईनं विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता सदरा पिळतोय मी!"

मी म्हटलं, मार. रडणार नाही मी.

तेवढ्यात गवंडीणबाईची सासू धापा टाकत वर आली. पदर खोचला, सरळ पाण्यात बसली आणि भोकात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काय आलं? टरारून फुगलेली, मोड आलेली चवळी!

"माझीच आहे," म्हातारी म्हणाली. "इथं खोलगटात इकडेतिकडे घरंगळत नाही, म्हणून वाळत घातलेली. हातोडा घालायचाय ना? माझ्या डोक्यात घाल."

"आत्याबाई, उठा, सर्दी होईल," गवंडीणबाई सासूला म्हणाली.

"हा हातोडा ठेवेल तेव्हा उठेन!"

खालून गुडगुड आवाज झाला. पाणी टाकीत उतरायला लागलं. कारभाऱ्यानं हातोडा ठेवला.

"दिसते मात्र वाईटच," जाताजाता म्हणालाच.

दिसते तर दिसते! मित्रांनो, मला कौतुक नको. भोकावर आता जाळी आहे, तिच्यावरचा पाला तेवढा काढत जा, आणि कडधान्य आपापल्या अंगणात वाळवा. तरीही कुणाला मला फोडायचंच असेल, तर त्यानं येताना घरची घागर घेऊन यावी, आणि माझ्यादेखत आधी ती फोडावी.