बयाबाईची चूल निवेपर्यंत

पहिला दगड

येडगावच्या ओढ्यात हर्षालीनं काळ्या कातळावर पांढऱ्या रंगानं बाण काढला, उत्तरेकडे. मग छिन्नी लावून तेवढा तुकडा सोडवला. असे तीन. लाव्हा निवताना त्यातले लोहकण त्या काळची उत्तर दिशा धरून बसतात. ती नॉर्वेच्या प्रयोगशाळेत मोजायची. पिंपरी पेंढारची ही पोरगी तिकडे शिकत होती आणि वर्गाची सहल हट्टानं आपल्या मुलखात घेऊन आली होती. प्राध्यापकांना नमुने पसंत पडले तर प्रबंधाला जुन्नर, म्हणजे दरवर्षी काही महिने घरी. नाहीतर आइसलँड.

दगड बाभळीखाली ठेवून ती वर्गाला आणायला आळेफाट्याला गेली.

दुसरा दगड

परत आली, तर दगडांवर पिठलं.

मेंढरं घेऊन चाललेल्या बयाबाईनं त्यांचीच चूल मांडली होती.

"मावशी, हे दगड माझे व्हते."

"तुजे? कातळ काय तुज्या बानं वतला?" बयाबाईनं भाकरी उलटली. "लई बेस बसल्यात."

तापलेला दगड जुनी दिशा विसरतो. म्हणजे तिन्ही नमुने वाया.

तिच्या प्राध्यापक सिग्रीडबाई मात्र चुलीत डोकावल्या आणि हसायला लागल्या. "निवताना दगड आजची दिशा धरेल. पुरातन चुली आपण अशाच तपासतो. पण कोणत्या दिवशी पेटली, कधी निवली, हे ठाऊक असलेली चूल मला कधी मिळाली नाही. ही हवीच. फक्त भरपूर तापू दे, आणि निवेपर्यंत हलवू नका."

हलवू नका! बयाबाई तर जेवण झालं की चूल पायानं मोडून निघणार. मांडलेली चूल मागं सोडायची नाही, ही त्यांच्या घरची रीत.

"सांजपर्यंत ऱ्हाऊ द्या ना, मावशी. आमच्या बाई म्हनतात, चांगली तापवून हितंच निवू द्यायची."

"मागं चूल ऱ्हायली की जीव तितंच घुटमळतुय, बाय."

"मग तुमीबी ऱ्हावा. मागं कशी ऱ्हाईल?"

बयाबाईनं तिला न्याहाळलं. मग कमरेचा फोन काढून पुढच्या मुक्कामाच्या शेतकऱ्याला लावला. "धर्माजीभाऊ, मेंढरं आज खताला तुमच्या रानात बसत न्हाईत. उद्या. न्हाई वं, आजारी कोन न्हाई. चूल निवायची हाय."

फोन ठेवून ती म्हणाली, "पीठ मळ. तापवायची म्हनती ना ती पावणीबाई?"

मग सगळ्या वर्गासाठी भाकऱ्या. धुरानं डोळे चोळत गोरी पोरं सरपण ओढत होती, आणि मेंढरं त्यांच्या पिशव्या हुंगत होती.

तिसरा दगड

सांजेला चूल निवली. हर्षालीनं होकायंत्र धरून तिन्ही दगडांवर नवे बाण काढले.

"जुन्नर," सिग्रीडबाई म्हणाल्या. बस्स, एवढंच.

दगड पिशवीत जायला लागले तशी बयाबाई उठली. "आन् सकाळी मी च्या कशावर ठिवू?"

अख्खा वर्ग ओढ्यात पांगला. पोरं दगड आणत होती, बयाबाई नाकं मुरडत होती. ह्यो गोल, ह्यो लंगडा, ह्येला तर तोंडच न्हाई. सिग्रीडबाईंनी आणलेला तिनं दोनदा फिरवून पाहिला आणि ओढ्यात फेकला.

"हर्षा, मॅडमला सांग," ती म्हणाली, "अजून शिकायला लागंल."

हर्षालीनं शब्दन् शब्द सांगितला.