ऐकणाऱ्याला दोन हात पुरतात

“‘न ऐकता मशीन उघडणाऱ्याला चार हात लागतात, ऐकणाऱ्याला दोन पुरतात,’” व्यवस्थापकाने हातातल्या कागदावरून वाचले आणि चष्म्याच्या वरून समोर पाहिले. “वाक्य छान आहे. बाहेरच्या एका छोट्या दुरुस्ती केंद्राचं आहे. चार माणसांचं काम ते दोघांत करणार, तेही आठवड्यातले तीनच दिवस येऊन. लेखी दिलंय त्यांनी.”

समोरच्या बाकावर चार माणसे बसली होती. तयार कपड्यांच्या त्या कारखान्याचे सबंध दुरुस्ती खाते एका बाकावर मावत होते, ही गोष्ट कोणाच्या फारशी ध्यानात आलेली नव्हती. टोकाला चष्मेवाला, त्याच्या शेजारी मुका, ज्याला हे नाव तोंड कधीच मिटत नसल्यामुळे पडले होते, मग काका, ज्यांनी उरलेल्या तिघांना पेचकस धरायला शिकवले होते, आणि भिंतीला टेकून धाकटा. चौघांत वयाने लहान म्हणून सोळा वर्षांपूर्वी त्याला धाकटा म्हणू लागले. आता कानशिले पांढरी झाली होती, पण त्याच्यानंतर खात्यात कोणाची भरतीच झाली नाही, त्यामुळे पदोन्नती मिळाली नाही तशी त्या नावातूनही सुटका झाली नाही.

आपला सदरा अनोळखी माणसाच्या अंगावर दिसावा, तसे धाकट्याने ते वाक्य ओळखले. तीन आठवड्यांपूर्वी, एका रविवारी दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने त्याने ते लिहिले होते.

“साहेब,” मुका म्हणाला, “दोनशे मशीनं आणि दोन माणसं? त्यांना हात किती आहेत, आठ-आठ?”

“व्यवस्थापनाला संख्येत रस नाही. पुनर्रचनेत आहे,” व्यवस्थापक म्हणाला. भाषेने माणसाच्या हाती सोपवलेल्या शस्त्रांपैकी हे एक उत्तम शस्त्र: याने कापले तर रक्त येत नाही, निदान कापणाऱ्याला दिसत नाही. “शनिवार शेवटचा दिवस. सोमवारपासून ते लोक येतील. तोवर सगळं नीट लावून ठेवा.”

मग धाकट्याला दुसरी गोष्ट उमगली. ते वाक्य मुळात त्याचे नव्हतेच. ते काकांचे होते. नव्या पोराने घाईने मशीनचे झाकण काढले की काका ते म्हणत. पण आता नवे पोरच येत नसल्याने गेली कित्येक वर्षे ते फक्त धाकट्यालाच आठवत असावे. धाकट्याला आणि अर्थात काकांना.

त्याने हळूच शेजारी पाहिले. काका चिंधीने बोटांचे तेल पुसत होते. पुसता पुसता त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी मान वळवली नाही. थांबलेला अंगठा पुन्हा हलू लागला, इतकेच.

*

कारखान्याच्या नियमावलीप्रमाणे बाहेरचे काम करणे हा गुन्हा होता. म्हणून धाकट्याने चार वर्षांपूर्वी काढलेले दुरुस्ती केंद्र बायकोच्या नावावर होते. पाटीवर तिचे नाव, फोनवर तिचा आवाज, वहीत तिच्या अक्षरात तक्रारी: ‘टाका सुटतो’, ‘सुई मोडते’, ‘सासूबाई म्हणतात जुनंच बरं होतं’. आठवड्याचे सहा दिवस तो कारखान्याची मशीने उघडत असे आणि सातव्या दिवशी गल्लीबोळांतल्या शिंप्यांची. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचे काय होते, हे त्याला पाठ होते. तरी एक दिवस हा पाय उचलून तिकडे ठेवायचा, एवढ्या एका विचारावर तो सात दिवसांचा आठवडा रेटत असे.

पाठीशी काका होते. सोमवारी दुपारी धाकट्याचे डोळे मिटत आणि डोके चालू मशीनच्या बाजूला कलंडे. पर्यवेक्षक खेकसायचा, “हा झोपलाय का?” तर काका मान वर न करता म्हणायचे, “झोपलेला नाही. मशीन ऐकतोय.” चार वर्षे कारखान्यात धाकट्याइतके ऐकणारा माणूस दुसरा नव्हता.

मग सुटे भाग विकणारा दुकानदार, ज्याला सगळे पार्टवाला म्हणत, एक यादी घेऊन घरी आला. “मोठी पार्टी आहे. वर्षाचं काम. नाव आत्ता विचारू नकोस, ते दर बघूनच तोंड उघडणार.” यादीत दोनशे बारा क्रमांक होते, प्रत्येकापुढे कंपनीचे नाव आणि खरेदीचे वर्ष. अशा यादीचे कारखाने त्या भागात डझनभर तरी होते. आणि धाकट्याच्या कारखान्यात चालती मशीने होती दोनशे पाच. उरलेली सात केव्हाच मेली होती, त्यांची हाडे काढून काकांनी इतर मशीने जगवली होती. ती सात मढी कचेरीच्या कागदोपत्री अजून धडधाकट शिवत आहेत, हे दुरुस्ती खात्याला कोणी कळवले नव्हते.

क्रमांकांचे म्हणाल तर ते मशीनच्या पोटाखाली पत्र्यावर कोरलेले असत आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या तेलाचे पुट चढलेले असे. दुरुस्ती खाते मशीनना नावाने ओळखे. ‘रडकी’ पावसाळी हवेत दोरा तोडायची. ‘सवत’ कोणाच्याच हाताला रुळली नव्हती. ‘आजोबा’ सावकाश, पण टाका असा की उसवता उसवू नये. सोळा वर्षे ज्यांच्या अंगाला रोज हात लावला, त्यांची कुंडली त्याच्यापुढे मांडली गेली आणि त्याने त्यातले एकही ओळखले नाही.

उलट त्याला चेव आला. मनात हिशेब चोख होता, कारण असली मशीने त्याला तळहातासारखी ठाऊक होती. दर कमी लावता आला, कारण वेळ कमी लागणार होता. वेळ कमी लागणार होता, कारण काकांनी शिकवले होते. कागद जरा उघडा-बोडका वाटला, म्हणून शेवटी त्याने ते वाक्य लिहिले. लिहून झाल्यावर बायकोला वाचूनही दाखवले. ती म्हणाली होती, “हे झकास आहे. हेच वाचून काम देतील बघा.”

*

त्या दुपारी कार्यशाळेत मुका खरोखरच मुका झाला. काका तेलाची बुधली घेऊन रडकीपाशी गेले. धाकटा मागोमाग गेला.

“कापड दे,” काका म्हणाले.

त्याने दिले.

“कागदावर आकडे होते का?”

“हो.”

“नुसते आकडे?”

“नुसते आकडे, काका. आईशप्पथ.”

“सोळा वर्षं रोज हात लावलास. एक नाही ओळखलंस?”

“आकड्यांवरून कोण ओळखतं?”

“साहेब ओळखतो,” काका म्हणाले आणि रडकीच्या पोटात तेलाचे दोन थेंब सोडले.

धाकट्याला वाटले, त्यांनी शिवी द्यावी. कानाखाली वाजवावी. मुक्याला आणि चष्मेवाल्याला हाक मारून सांगावे की सापाला दूध आपणच पाजले. काकांनी बुधलीचे टोपण लावले आणि ते पुढच्या मशीनकडे गेले.

घरी बायको दारातच उभी होती. “अहो, मिळालं! पार्टवाल्याचा फोन आला. सोमवारपासून सुरू! मी म्हटलं नव्हतं, त्या वाक्यावरच—”

“पार्टीचं नाव विचारलंस?”

“लिहून घेतलंय की.” तिने वही उघडली, नाव वाचले आणि ओठ तसेच उघडे ठेवून ती खुर्चीवर बसली. “म्हणजे तुम्हीच तुम्हाला...”

“मला एकट्याला काढलं असतं तर हसलो असतो.”

“काकांना?”

“सगळ्यांना.”

त्याने तिथूनच पार्टवाल्याला फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. “नको तर नको, राजा. दुसऱ्याचं दरपत्रक टेबलावर पडलंय. पण ती चार माणसं काही परत घेत नाहीत हां ते. ते ठरलंच होतं, त्यांना फक्त कागद हवा होता.”

बायकोने वही मिटली. “दोन माणसं लिहिलीत तुम्ही. दुसरं कोण?”

त्याने फोन ठेवला. तीच म्हणाली, “जाऊन विचारा त्यांना. पाय धरा हवं तर. पण तोंड लपवू नका.”

*

शनिवारी सकाळपासून काका मशीनच्या रांगांतून फिरत होते. खिशात जाड पुठ्ठ्याचे तुकडे होते, हातात दोऱ्याचे रीळ. मुका आणि चष्मेवाला आदल्याच दिवशी आपापल्या हत्यारांच्या पेट्या उचलून गेले होते, जाताना मुक्याने धाकट्याला मिठी मारली आणि कानात म्हणाला, “कोण असेल रे तो हलकट?” धाकट्याने मिठी सोडवून घेतली नाही. सोडवली असती तर चेहरा दिसला असता.

जेवणाच्या सुट्टीत त्याने काकांना जिन्याखाली गाठले. “काका, त्यात दोन माणसं आहेत. एक मी. दुसरे तुम्ही या. मी तुमच्या हाताखालीच राहीन, आजवर राहिलो तसा. नाहीतर हे काम मी घेतच नाही.”

“घ्यायचं,” काका म्हणाले. “तू नाही घेतलंस तर कुणी आडदांड येईल आणि पहिल्या दिवशी आजोबाला उघडून बसेल. परत मिटवता येणार नाही त्याला.”

“मग तुम्ही—”

“माझ्या बोलण्यानं मला घरी बसवलं. त्याच बोलण्याच्या बळावर मागच्या दारानं परत येऊ?” काकांचा आवाज चढला नव्हता. “आणि ते खरंच आहे, गड्या. दोन पुरतात. मीच सांगितलं होतं ना? ते दोन तुझे.”

“काका, एक शिवी तरी द्या.”

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिले. चार दिवसांत प्रथमच. “इतकं स्वस्तात नको,” ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

*

सोमवारी धाकटा त्याच दाराशी आला, पण पहारेकऱ्याने त्याला थेट आत सोडले नाही. अभ्यागतांच्या वहीत सही करायला लावली, गळ्यात ‘बाहेरील व्यक्ती’ अशी चिठ्ठी अडकवली आणि कुजबुजला, “तूच होय रे?”

दालनात मशीने सुरू झाली होती. प्रत्येक मशीनच्या मानेला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. धाकट्याने पहिला तुकडा हातात घेतला. काकांचे गोल, मोठे अक्षर. वर मशीनचा क्रमांक. त्यासाठी त्या माणसाने दोनशे मशीनखाली आडवे होऊन पत्र्यावरचे तेल खरवडले असले पाहिजे. क्रमांकाखाली नाव: रडकी. त्याखाली: ‘दमट हवेत दोरा सैल ठेवणे.’ पुढच्यावर सवत. त्याच्या पुढे आजोबा: ‘उघडू नये.’ दालनाच्या टोकाला, जिथे सात मढी ताडपत्रीखाली पडून होती, तिथेही सात तुकडे बांधले होते. त्यांवर क्रमांक होते, नावे होती, खाली काही सूचना नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी यादीतल्या आकड्यांपुढे हीच नावे हवी होती.

“धाकटे भाऊ, आलात होय?” रडकीवर बसून कॉलर शिवणारी ताई म्हणाली. “मला वाटलं तुम्हालाही काढलं. काका कुठं आहेत? पेटी न्यायची विसरले वाटतं, तिकडेच आहे.”

“विसरले नाहीत,” धाकटा म्हणाला.

त्याने गुडघे टेकले आणि चालू मशीनच्या थंड अंगाला कान लावला. घरघरणारी मोटार, पट्टा, सुई, टाका. सगळे जागच्या जागी होते. शनिवारचे तेल अजून ताजे होते.

“काय ऐकताय?” ताईने विचारले. “बरंय की हो ते. काही बिघाड नाही.”

तिचे म्हणणे बरोबर होते. तरी त्याने बराच वेळ कान उचलला नाही. पलीकडच्या रांगेतून पर्यवेक्षकाचा आवाज आला, “हा झोपलाय का?”

कोणीच उत्तर दिले नाही.