घड्याळजींची खालची कवळी

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी एका घड्याळजींची जुनी कवळी आहे, खालच्या जबड्याची, चौदा दातांची. पहिल्या दिवशी ते आरशात हसून बायकोला म्हणाले, "बघ, लग्नातल्यापेक्षा बरा दिसतोय."

"तेव्हाही काही खास दिसत नव्हतात," ती म्हणाली.

दहा-बारा वर्षं माझं कौतुक झालं. मग हिरडी झिजली, मी ढिली झाले आणि माझी डावी कड गालाला आतून घासू लागली. रोज तिथेच. गाल सुजला, सोलवटला. खरं सांगते, मला त्याचं काहीच वाटलं नाही.

नवी कवळी करायची सोडून घड्याळजींनी मला दुकानात नेलं. डोळ्याला भिंग लावून बारीक कानशीने माझी कड स्वतःच घासली. "घड्याळाच्या चाकांचे केसाएवढे दाते सरळ करतो मी, ही काय चीज आहे!" एक टोक गेलं की शेजारी दुसरं निघायचं. गालाला भरून यायला फुरसतच मिळेना. वर्षभराने तिथे पांढरा चट्टा उठला. तो दुखत नव्हता. "झालं दुरुस्त," ते म्हणाले.

बायकोने त्यांना ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "काका, हा कॅन्सर नाही अजून. पण सततच्या सुजेने पेशी बदलायला लागल्यात. आत्ताच काढून टाकू. आणि ही कवळी आजपासून बंद."

'कॅन्सर नाही' एवढंच ऐकून घड्याळजी घरी आले.

"अहो, काढून घ्या ना," बायको रडकुंडीला आली.

"दुखत नाही काही नाही. चालतं घड्याळ उघडतं का कोणी?" म्हणत त्यांनी मला पुन्हा तोंडात बसवलं. मी आणखी अकरा महिने घासत राहिले. चट्टा कडक झाला, मग फुटला.

आता तो कॅन्सरच होता. ऑपरेशनमध्ये गालाबरोबर डावा जबडाही गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी कागदावर लिहिलं, 'कवळी कुठे आहे?'

बायकोने मला त्यांच्यासमोर धरलं. "बसवा की. कशावर बसवता?"

मित्रांनो, आज घरी आजी-आजोबांना आ करायला लावा. कवळी टोचत असेल, चट्टा दोन आठवड्यांत जात नसेल, तर दुखो न दुखो, डॉक्टरांकडे न्या. रागावले तर रागावू द्या. आमच्या घड्याळजींना आता रागावता येत नाही. बायको नाकातल्या नळीतून दूध घालते, तेव्हा ते फक्त भिंतीकडे बघत राहतात.