शट डाउनच्या उलट

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. अंगावर लाल रंग आणि त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द: शट डाउन. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, माझा सारा जन्म गेला.

इंग्रजीच्या तासाला तुम्ही विरुद्धार्थी शब्द पाठ करता. शट डाउन म्हणजे बंद करणे. मग त्याच्या उलट काय? तुमच्यातली एखादी म्हणेल स्टार्ट, शेजारचा म्हणेल ऑन. दोघांचंही बरोबर आहे. आमच्या शेडमध्ये यंत्रं निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या गावांहून आली. त्यामुळे प्रत्येकाच्या हिरव्या बटणावर निराळा शब्द. जुन्या जिनवर स्टार्ट, गाठी बांधणाऱ्या प्रेसवर रन, सरकी वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरवर ऑन. खांबावर चढणारे वायरमन तर आणखी वेगळं बोलतात. वीज परत सोडली की ‘लाईन चार्ज झाली’ म्हणतात. वहीत हे शब्द गुणी मुलांसारखे ओळीत उभे राहतात. शेडमध्ये तसं नसतं. ज्या माणसाचे हातपाय यंत्राच्या आत आहेत, त्याच्यासाठी त्या सगळ्यांचा अर्थ एकच असतो. आणि त्या सगळ्यांना अडवायला मी एकटी.

मला घडवून घेतलं धनसिंगनानांनी. ते इथले जुने फिटर. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी पेंटरकडे नेला. पेंटर म्हणाला, मराठीत लिहू का, सगळ्यांना वाचता येईल. नाना म्हणाले, “बटनवर इंग्रजी शे, मंग पाटीवर बी इंग्रजीच लिख. दोन्ही एकमेकले वयखतीन.” एकमेकांना ओळखतील, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्या वरच्या कडेला भोक पाडून त्यांनी तार ओवली.

माझं काम सोपं होतं. ज्याला यंत्राच्या आत शिरायचं आहे, त्याने आधी बटण बंद करायचं, मला त्या यंत्राच्या बटणाशेजारच्या हँडलवर टांगायचं, मग आत जायचं. बाहेर आल्यावर त्यानेच मला काढायचं. दुसऱ्या कुणी मला हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. नवा कामगार आला की नाना त्याला माझ्यासमोर उभं करत आणि हे शिकवत. एकदा मगन नावाच्या हमालाने गंमत म्हणून मला पाठीवर बांधून शेडभर मिरवलं. सगळे हसले. नानांनी त्याला त्या दिवशी घरी पाठवलं, आणि पुन्हा कुणी माझी गंमत केली नाही. हंगामामागून हंगाम मी हँडलांवर लोंबत राहिले. आत गेलेला प्रत्येक माणूस दोन पायांवर बाहेर आला, आणि मला वाटू लागलं की हे असंच चालायचं.

मग एक खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, सुऱ्या, वजनकाटे, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. मग मालकांची आई नर्मदाबाई मुहूर्ताचं बटण दाबणार, यंत्र क्षणभर फिरणार आणि कापसाचा हंगाम सुरू होणार. त्यांच्या घरची ही जुनी रीत.

त्या सकाळी किरण हा तरुण फिटर कन्व्हेयरच्या चरीत उतरला होता. चर म्हणजे जमिनीखालची लांब अरुंद खोबण. तिच्यात मळसूत्रासारखा लोखंडी दांडा फिरतो आणि सरकी पुढे ढकलतो. गेल्या हंगामाची सरकी तळाशी घट्ट बसली होती. मुहूर्ताला दांडा अडला तर म्हातारीच्या मनाला लागेल, म्हणून किरण आपण होऊन आडवा होऊन ती खरवडत होता. उतरण्यापूर्वी त्याने मला कन्व्हेयरच्या हँडलवर नीट टांगलं होतं.

थोड्या वेळाने कोकिळाबाई हत्यारं गोळा करत आली. शेड झाडण्याचं काम तिचं. नियम तिलाही ठाऊक होता; पण सणाच्या दिवशी यंत्रं बंदच असतात, त्यात पाटीचं काय काम, असं तिला वाटलं असावं. तिने मला अलगद काढलं, चिंचेने घासलं आणि पाटावर मधोमध ठेवलं. माझ्या अक्षरांवर हळदीची बोटं ओढली. वर झेंडूची माळ घातली. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. आणि मी कधी एवढी निरुपयोगी नव्हते.

ढोल वाजू लागला. चरीतून किरणच्या खुरप्याचा आवाज येत होता, तो त्यात बुडाला. लोक जमले. किरण गर्दीतच कुठेतरी असेल, असं जो तो समजला. नर्मदाबाई नातसुनेचा हात धरून कन्व्हेयरच्या बटणापाशी आल्या. मी माळेखालून सगळं पाहत होते. मला तोंड नाही, मित्रांनो. मला फक्त दोन शब्द आहेत, आणि ते फुलांखाली होते.

धनसिंगनाना पाटाला नमस्कार करायला वाकले. माळ थोडी सरकली. ते वाकलेलेच थांबले.

“पाटी कोनी काढी?”

“मी काढी, नाना,” कोकिळाबाई कौतुकाने म्हणाली. “तिनी बी पूजा नको का?”

“मंग किरण कथा शे?”

किरण कुठे आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाना बटणाकडे धावले. नर्मदाबाईंनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं होतं. नानांनी मुख्य हँडल खाली ओढलं तोवर दांडा थोडासाच फिरला होता. ढोल थांबला, आणि मग सगळ्यांना चरीतून आलेला आवाज ऐकू आला.

किरण वाचला. त्याच्या डाव्या पावलाचा पुढचा भाग गेला. तो अजून इथेच काम करतो, तोल सांभाळत चालतो. कोकिळाबाई कितीतरी दिवस त्याच्या घरी भाकरी पोचवत होती. तो तिला एकदा म्हणाला की आता एका पायाचा मोजा वाचतो. ती हसली नाही. नर्मदाबाईंनी त्यानंतर कुठल्याच बटणाला हात लावला नाही, घरातल्या दिव्याच्यासुद्धा.

आता नाना घरी बसले आहेत. नर्मदाबाईंचा नातू ललित सगळं पाहतो. मुलगा मेहनती आहे. त्याने नवी यंत्रं आणली, आणि ती आता त्याच्या मोबाइलवरून सुरू होतात. मोबाइलवरच्या हिरव्या चौकोनावर आणखी एक नवा शब्द आहे: रिझ्यूम, म्हणजे पुन्हा सुरू. शट डाउनच्या उलट शब्दांत एकाची भर पडली. मला अजूनही हँडलवर टांगतात. पण ते हँडल आता नावापुरतं आहे. खरं बटण ललितच्या खिशात असतं, आणि मोबाइलला पाटी टांगता येत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला ललित धुळ्याला अडकला होता. मुहूर्त टळू नये म्हणून त्याने तिथूनच यंत्र सुरू करायचं ठरवलं आणि शेडमध्ये फोन लावला. फोन नर्मदाबाईंच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कन्व्हेयरच्या हँडलवर टांगलेली होते.

“मजार कोन शे?” आत कोण आहे, असं त्यांनी विचारलं.

“आजी, इथून मला कसं कळणार?” ललित म्हणाला.

मग नर्मदाबाईंनी त्याला सांगितलं, मी पाहून येईपर्यंत बोट लावू नको. फोन कानाशी धरून, दुसऱ्या हाताने काठी टेकत त्या चरीकडे निघाल्या.

मित्रांनो, हे सगळे उलटे शब्द जरूर पाठ करा, तुम्हाला पुढे उपयोगी पडतील. पण उद्या तुमच्या बोटाखाली एखादं हिरवं बटण येईल, कदाचित फार दूरच्या यंत्राचं. तेव्हा माझ्यासारखी पाटी तुम्हाला दिसणार नाही. म्हणून बटण दाबण्यापूर्वी मोठ्याने विचारा, आत कोण आहे. आणि उत्तर आलं नाही, तर आत कुणी नाही असं समजू नका.