शेगडीभोवतीची अदलाबदल

मित्रांनो, पुण्यात उत्तरा सबनीस यांच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर एक लाकडी खोके दिसते. पाहुण्यांना ती दागिन्यांची पेटी वाटते. पण मी रेडिओ आहे. जुना, जपानी, आणि मुळात मराठीचा गंधही नसलेला. इथे राहून राहून तुमची भाषा मला येऊ लागली आणि मग कोबेच्या दुकानात पूर्वी कानावर पडलेली कितीतरी मराठी वाक्ये मागाहून उमगली. त्यांचीच ही हकीकत.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात तारा जोडल्या, पुढे कापडी जाळी लावली, आणि मी पहिल्यांदा खरखरलो तेव्हा त्यांच्यातली एक हसली. तिथून कोबेच्या एका कॉफीच्या दुकानदाराने मला नेले. बंदराजवळच्या स्टेशनासमोर त्याचे छोटे दुकान होते. कपांच्या फळीवर मला मानाची जागा मिळाली. पुढे दुकान त्याच्या मुलीकडे, मिचिको-सानकडे आले; 'सान' म्हणजे तिकडचे 'राव' किंवा 'बाई'.

त्या दुकानात मी हवामान सांगितले, गाणी म्हटली; पण माझी खरी किंमत होती ती बेसबॉलच्या दिवशी. कोबेच्या आमच्या संघाचे नाव सीगल्स. सामना असला की लोक माझ्याकडे तोंड करून बसत. पुढे दुकानात टीव्ही आला, तरी मला कोणी फळीवरून उतरवले नाही. मिचिको-सानचे यजमान ओकादा-सान म्हणत, "टीव्ही बघताना माणूस गप्प बसतो. रेडिओ ऐकताना भांडता येतं."

हे ओकादा-सान उंचेपुरे गृहस्थ. उजव्या हाताची दोन बोटे वाकडी. तरुणपणी ते सीगल्समध्ये राखीव कॅचर होते, म्हणजे फेकलेला चेंडू मागे बसून झेलणारे. इतके सगळ्यांना ठाऊक होते. त्याआधीचे ते काही सांगत नसत.

हिवाळ्यात सामने नसतात. तरी बेसबॉल थांबत नाही. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, दुसऱ्या फळीतला कोणता पोरगा वर आणायचा, कोणाच्या बदल्यात दुसऱ्या संघाकडून कोण मागायचा, याचा खल दुकानातल्या रॉकेलच्या शेगडीभोवती चाले. जपानात याला 'स्टोव्ह लीग' असेच म्हणतात. त्यातला एकही शब्द संघाच्या मालकापर्यंत पोचत नसे, पण ओकादा-सान आणि त्यांचे मित्र हिरानो-सान असे वाद घालत की जणू उद्या सकाळी सही त्यांनाच करायची आहे. हिरानो-सान निवृत्त मोटरमन. त्यांना संघातला एकही माणूस जाऊ द्यायचा नसे. ओकादा-सानना सगळेच बदलायचे असत.

अशाच एका हिवाळ्यात उत्तरा पहिल्यांदा आली. त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरची पुष्कळ माणसे जपानात येत होती. उत्तरा त्यांपैकीच. बंदरातल्या गोदामांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्या गटाची ती प्रमुख होती. जपानी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून रविवारी दुपारी ती दुकानात येऊन बसू लागली. शेगडीभोवतीचा गलका ऐकून तिला राहवेना.

"तुम्ही कोणाबद्दल भांडताय?" तिने अडखळत विचारले.

"नागाईबद्दल," हिरानो-सान म्हणाले. "आमचा पिचर. खांदा थोडा थकलाय, पण अजून त्याच्यासारखा चेंडू कोणी फेकत नाही. आणि हे ओकादा-सान त्याला विकायला निघालेत."

"विकायला नाही, बदलायला," ओकादा-सान म्हणाले. "नागाईच्या बदल्यात दोन तरुण पोरं मिळतील. आज देऊन टाकला तर त्यालाही तिकडे खेळायला मिळेल. आणखी दोन वर्षांनी कोण घेणार त्याला?"

उत्तराला हे नवलच वाटले. तिला क्रिकेट ठाऊक होते, पण तेव्हा आपल्याकडे खेळाडूंची अशी देवघेव नव्हती. "आमच्याकडे मुंबईचा खेळाडू तो मुंबईचाच," ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, "नागाईला विचारतात का पण?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न शेगडीजवळ कोणी काढला नव्हता.

"विचारत नाहीत," ओकादा-सान म्हणाले. "कळवतात." आणि ते किटलीत पाणी भरायला उठले.

त्यानंतर उत्तरा दर रविवारी येऊ लागली. तिचे प्रश्न संपत नसत. दुसऱ्या फळीतला पोरगा चांगला निघणार हे कसे ओळखायचे? संघ बदललेला माणूस जुन्या संघाविरुद्ध जोरात खेळतो की हात राखून? एकाला घर बदलायला लावून दुसऱ्याचे भले होते का? हिरानो-सान एकेका प्रश्नावर कॉफी गार होऊ देत.

जानेवारीतल्या एका रविवारी मात्र ती आली ती थेट शेगडीजवळच्या टेबलाशी बसली. तिने टेबलावरची साखरदाणी पुढे ओढली आणि शेजारी टूथपिकची डबी ठेवली.

"समजा, एक संघ आहे," ती म्हणाली. "संघातला एक माणूस दुसऱ्या शहरात द्यायचाय. ही साखरदाणी म्हणजे जुना खेळाडू. धावायला सावकाश, पण सगळं माहीत असलेला, सगळ्यांशी जमवून घेणारा. ही डबी म्हणजे नवा. चपळ, पण तिकडची भाषा येत नाही. कोणाला द्यायचं?"

दोघांनाही हुरूप आला. हिरानो-सान साखरदाणी हातात धरून बसले. जुना माणूस गेला तर संघाचा कणाच जातो, म्हणाले. ओकादा-सान म्हणाले, डबी पाठवली तर तिकडे ती कोलमडेल. जुना कुठेही उभा राहतो, म्हणून जुनाच द्यावा. बशा सरकल्या, चमचे मैदानात आले. वाद ऐन रंगात आला असताना मिचिको-सान गल्ल्यावरून म्हणाल्या, "उत्तरा-सान, ही साखरदाणी कोण आहे?"

उत्तराने मान खाली घातली. "श्याम-सान," ती म्हणाली.

मग तिने सगळे सांगितले. एप्रिलपासून कोबेतला गट लहान होणार होता. टोकियोच्या कामावर एक माणूस हवा होता आणि शुक्रवारी वरिष्ठांना मेलने त्याचे नाव कळवायचे होते. श्याम दामले तिच्याच गटातला, पण वयाने तिच्यापेक्षा बराच मोठा. ती पहिल्यांदा जपानात उतरली तेव्हा विमानतळावर तिला घ्यायला तोच आला होता. कचरा कसा वेगळा करायचा इथपासून मीटिंगमध्ये कधी गप्प बसायचे इथपर्यंत सगळे त्यानेच शिकवले होते. कोबेत त्याचे घर बसले होते, मुलगी जपानी शाळेत जात होती. टूथपिकची डबी म्हणजे ऋषी. त्याला जपानी येत नव्हते. टोकियोला तो टिकला नसता आणि थेट पुण्याला परत गेला असता.

"वरिष्ठांचा मेल आला की श्याम-सानना कळेलच," उत्तरा म्हणाली. "मी तोंडाने कशी सांगू?"

ओकादा-साननी शेगडीची ज्योत बारीक केली. मग त्यांनी जे सांगितले ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मी मूळचा क्यूशूकडच्या संघात होतो," ते म्हणाले. "एक दिवस न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. न्हाव्याचा रेडिओ चालू होता. त्यावर सांगितलं, की राखीव कॅचर ओकादा कोबेच्या संघाला दिला. न्हाव्याचा वस्तरा तिथेच थांबला. तो माझ्याकडे बघतोय, मी आरशात माझ्याकडे बघतोय. माझ्या आधी ते त्या न्हाव्याला कळलं होतं, गल्लीला कळलं होतं."

"फार वाईट वाटलं असेल," उत्तरा म्हणाली.

"कोबेला येण्याचं नाही. इथे येऊन मला खेळायला मिळालं. ही भेटली." त्यांनी गल्ल्याकडे मान केली. "संघ बदलला म्हणून माझं वाटोळं झालं नाही. म्हणून तर मी सगळ्यांना बदलायला निघतो. पण तो अर्धा साबण अजून गालावरून जात नाही. तुझा निर्णय बरोबर की चूक, ते पुढे कळेल. त्याला मेलमधून कळू देऊ नकोस, एवढंच."

मिचिको-साननाही हे ठाऊक नव्हते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उत्तरा श्यामला घेऊन आली. माझ्याखालच्याच टेबलाशी ती दोघे बसली.

"श्याम-सान, टोकियोच्या प्रोजेक्टला माणूस हवाय," उत्तरा म्हणाली. "मी तुमचं नाव द्यायचं म्हणतेय. अजून दिलेलं नाही. आधी तुमच्याशी बोलावं म्हणून आणलं."

श्याम साखर न घालताच कॉफी ढवळत राहिला. "म्हणजे तू विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय," उत्तरा म्हणाली. "विचारतेय म्हटलं तर खोटं होईल. ऋषीला पाठवला तर त्याची पोस्टिंगच संपेल. तुम्ही तिकडे जमवाल. पण तुमचं जे काही म्हणणं असेल ते ऐकायला मी बसलेय. काहीही असलं तरी."

"एअरपोर्टवर तुला घ्यायला मी आलो होतो."

"आठवतंय."

"नेत्राची शाळा इथे आहे. तिला मराठीत हाक मारली तर ती जपानीत ओ देते. एवढी इथली झालीय ती."

"माहितेय."

"माझं जमतं, म्हणून दर वेळी मीच जायचं," श्याम म्हणाला. "जमत असण्याचं हे बक्षीस." तो उठला, मिचिको-सानना नीट वाकून नमस्कार करून निघून गेला. कॉफी तशीच राहिली.

उत्तराचे डोळे भरले होते. "आता काय करू?" तिने ओकादा-सानना विचारले.

"काही नाही. त्याला रागावू दे. तेवढा त्याचा हक्क आहे."

ते दिवस उत्तराला जड गेले. ऑफिसात श्याम कामापुरते बोलत असे. नाव द्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दुकानाचे दार उघडले आणि तो बायकोला आणि मुलीला घेऊन आत आला. उत्तरा कोपऱ्यात बसली होती. ती उभी राहिली.

"बस," श्याम म्हणाला. "दोन गोष्टी. नेत्राचं शाळेचं वर्ष मार्चअखेर संपतं, त्याआधी मी हलणार नाही. आणि टोकियोत घर फुनाबोरीला हवं, ऑफिसजवळ नको."

"दोन्ही मी लिहून घेते त्यांच्याकडून," उत्तरा म्हणाली. "फुनाबोरीच का?"

यावर जयमाला, श्यामची बायको, बोलली. "तिथे सुप्रभा राहते, माझी कॉलेजची मैत्रीण. आणखी चार मराठी घरं आहेत. इथे भारतीय आहेत गं पुष्कळ, पण ते पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी. सगळे चांगले, पण मराठीत भांडायला कोणी नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी केव्हाच बॅगा भरल्या असत्या." मग तिने नवऱ्याकडे पाहिले. "पण तू अशी समोर बसून सांगितलंस म्हणून हा घरी येऊन माझ्याशी बोलला. एरवी रागाने धुमसत बसला असता आणि मला ट्रक आल्यावर कळलं असतं."

श्यामने खुर्ची ओढली आणि कॉफी मागवली.

नेत्राला मात्र जायचे नव्हते. ती शेगडीपाशी हिरानो-सानजवळ उभी होती. नागाईचे चित्र असलेला, सामन्यात हलवायचा त्यांचा हातपंखा बघून तिने जपानीत विचारले, "हा जर दुसऱ्या संघात गेला तर त्याला तिकडे पाठीवर त्याचाच नंबर मिळेल का?"

"बहुतेक नाही," हिरानो-सान म्हणाले. "तो तिथे आधीच कोणाकडे तरी असतो."

"मग?"

"मग नवा घ्यावा लागतो. थोडे दिवस परका वाटतो."

नेत्राने यावर विचार केला. तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही; पण तिने मान हलवली.

त्याच महिन्यात एका दुपारच्या बातम्यांत मीच सांगितले, की सीगल्सने नागाईला सोडले आहे आणि त्याच्या बदल्यात दोन तरुण खेळाडू येत आहेत. ओकादा-सान जिंकले होते, पण ते किटलीत पाणी भरायला उठले. हिरानो-सान माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला आधी सांगितलं असेल ना कोणीतरी?" ते माझ्या हातात असते तर मी सांगितले असते. बातमीत तेवढे नव्हते.

उन्हाळ्यात नागाई पाहुण्या संघाकडून कोबेत खेळायला आला. त्याचे नाव पुकारल्यावर यजमानांच्या बाजूने टाळ्यांचा जो आवाज उठला, तो माझ्या जाळीतून फुटून बाहेर पडला. त्यात खास मैदानावर गेलेले हिरानो-सानही होते. श्याम टोकियोहून उत्तराला अधूनमधून फोन करू लागला. पहिल्यांदा फक्त कामाचा, मग सावकाश, बिनकामाचाही.

काही वर्षांनी ओकादा-सान गेले. मिचिको-साननी दुकान बंद करायचे ठरवले, आणि त्याच सुमारास उत्तरा पुण्याला परतायला निघाली. कोबेत जुन्या वस्तू सुट्या करून, प्रकारानुसार वेगळ्या काढून कचऱ्यात द्याव्या लागतात, आणि माझीही गाठ त्याच्याशीच होती असे मला वाटले. पण त्यांनी मला फळीवरून उतरवले, जाळीवरची धूळ पुसली, आणि रिकाम्या दुकानात मला समोर ठेवून त्या खुर्चीवर बसल्या. "तुला उत्तरा-सानबरोबर भारतात पाठवतेय," त्या म्हणाल्या. "लांब आहे. पण ती ऐकणारी आहे." आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

इथे पुण्यात माझ्यावर मराठी बातम्या लागल्या तेव्हा उत्तराला फार मौज वाटली होती. नंतर बातम्या-गाणी फोनवरच ऐकू येऊ लागली आणि मी कपाटावर गेलो. पोटात विसरलेले सेल एका पावसाळ्यात पाझरले आणि माझी एक तार खाल्ली गेली. तेव्हापासून मी मुका आहे. म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू ठेवून देताना तिच्या पोटात काय राहिले आहे ते एकदा उघडून बघत जा. आणि कधी कोणाला जागेवरून हलवायची वेळ तुमच्यावर आली, तर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसा. त्याची कॉफी गार होईल, कदाचित तो उठूनही जाईल. तरी तुम्ही बसून राहा.