लालसिंगची प्रगती

क्षितिजने विक्कीचा सहावा प्रश्न मुद्दाम चुकवला, 'सबमिट' दाबलं आणि लालसिंगचं पान उघडलं.

विक्कीचं काम सोपं होतं. तो सगळ्यांत लांब पर्याय निवडायचा. जे लांबलचक ते खरं, असं त्याचं एकूण जगाबद्दलच मत होतं. वर्षाचं सगळं बरोबर यायचं, म्हणून तिचा एखादा चुकवावा लागे, नाहीतर वर संशय आला असता. लालसिंग कुणाचंच मन मोडत नसे, त्यामुळे जिथे 'वरील सर्व' असेल तिथे तो डोळे मिटून तेच निवडी. मात्र दिवाळीपासून क्षितिजने त्याला हळूहळू सुधारायला घेतलं होतं. आधी चार, मग सहा, मागच्या खेपेला आठ. प्राचार्यांनी बैठकीत त्याचं नाव घेऊन कौतुक केलं, तेव्हा क्षितिजचा ऊर खरोखर भरून आला होता. खुद्द लालसिंग त्या वेळी दारव्ह्याच्या स्टँडवर जीपच्या टपावर सोयाबीनची पोती चढवत होता.

मराठी वाङ्मयाच्या त्या वर्गात हजेरीपटावर बाक मोडतील इतकी मुलं होती आणि प्रत्यक्ष बाकांवर बहुतेक दिवस चिमण्या. त्यांतल्या दोघी तर इतक्या नियमित होत्या की यंदा परीक्षेचा फॉर्म भरतील, असं शिपाई उकंडा म्हणे. मुलं वाईट नव्हती. कुणी गॅरेजात, कुणी जीपवर, कुणी दुसऱ्याच्या कपाशीत. मग कॉलेजने वाचन-चाचण्या ऑनलाइन केल्या. धडा पोर्टलवर, खाली दहा प्रश्न, शनिवारी पाचला खिडकी बंद. प्राचार्यांना संगणकावर हिरवा रंग दिसला की त्यांची साखर उतरत असे. त्यांनी क्षितिजला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, एकाही नावासमोर लाल रकाना राहिला तर पुढच्या वर्षी विषय बंद. विषय गेला की तासिका गेल्या, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या क्षितिजकडे तासिकांखेरीज दुसरं काही नव्हतं. मुलांचे पासवर्ड त्यानेच बनवून दिले होते. एकानेही ते बदलले नव्हते.

स्टाफरूमचं दार वाजलं.

क्षितिजने लॅपटॉप अर्धा झाकला आणि श्वास धरून बसला.

पुन्हा वाजलं.

"कोण?"

"मी, सर. दीपमाला."

चेहरा आठवायला त्याला जरा वेळ लागला. खिडकीजवळचा शेवटचा बाक. दिवाळीनंतर तोही रिकामा. आता ती दारात उभी होती, केसांवर जीपच्या रस्त्याची धूळ घेऊन.

"क्विझ भराले आलती, सर. गावात उघडूनच नाही राह्यलं."

तिच्या गावचं नेटवर्क क्षितिज ऐकून होता. तिथून आज 'हॅलो' म्हटलं तर समोरच्याला ते पोळ्याच्या दिवशी ऐकू जाई.

"मग इथल्या वायफायवर उघड ना."

"उघडलं. तं हे दिसून राह्यलं." तिने फोन त्याच्यापुढे धरला.

आपण ही चाचणी पूर्ण केली आहे. गुण : तीन.

क्षितिजने चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती. दीपमालाचं पान त्याने सकाळीच उरकलं होतं. जी वर्गात कधी बोललीच नाही तिच्या चुका कुठून आणायच्या? त्याने तिला सगळीकडे 'ब' दिला होता.

"पोर्टलचा घोळ असेल," तो म्हणाला.

"नाही, सर. लालसिंगनं सांगतलं जीपमधी. म्हणे, कायले जाऊन राह्यली, सर भरतेत आपलं." ती जराशी हसली. "त्याले मागच्या खेपेला आठ पडले ना. लय खुश हाये. घरी दाखवले त्यानं."

क्षितिजने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी धडा वाचला होता, सर."

"हो. असू दे. तीन म्हणजे काही..."

"तीनचं नाही. सातव्याले 'ब' दिसून राह्यलं, माहा तसा नसता आला. मले ऐकू येत नाही, असं वाटते त्यानं."

सातवा प्रश्न त्याला पाठ होता. सगळे प्रश्न त्यानेच काढले होते. धड्यात गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी होती. तिचं दार वाजतं आणि ती उठत नाही, तिथेच धडा संपतो. म्हातारीने दार का उघडले नाही? अ, भीतीमुळे. ब, तिला ऐकू आले नाही. क, ती रागावली होती. ड, यांपैकी नाही.

"तू काय लिहिलं असतंस? भीती?"

"कायले भीन ते? भ्यायसारखं काय राह्यलं तिच्यापाशी?"

"मग 'यांपैकी नाही'?"

"तेच द्या लागलं असतं. पण तसं बी नाही." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दार एकदाच वाजलं ना, सर. एकदा तं वाऱ्यानंबी वाजते. आमचं घर गावात शेवटचं हाये, रोज वाजते. ज्याले खरंच याचं असते तो दुसऱ्यांदा वाजवते. म्हातारी त्याची वाट पाहून राह्यली."

गेली कित्येक वर्षं क्षितिज तो धडा शिकवत होता. 'वृद्धत्वातील भीती' अशी त्याची एक तयार नोट होती, आणि इतक्या झेरॉक्स निघून निघून तिची अक्षरंही आता म्हातारी झाली होती.

त्याने लॅपटॉप पूर्ण उघडला. दीपमालाच्या नावासमोर 'पुन्हा संधी द्या' असं बटण होतं. ते दाबलं की कारणाची विचारणा थेट प्राचार्यांच्या मेलवर जाई. पहिली चाचणी कुणी भरली, हेही मग निघालंच असतं. त्याने बाण बटणावर नेला आणि तिथेच ठेवला.

"राहू द्या," दीपमाला म्हणाली. तिला पडदा दिसत होता. "तुमचं खराब होईन. पुढचं मी भरीन. तेवढं माहं तुमी नका भरू."

"इथे येऊन भर मग."

"सोमवारपासून कापूस वेचाले जाणं हाये, सर. येणं नाही होत आता."

"आणि नेटवर्क?"

"टेकडीवर येते. कधी कधी."

ती गेली. लालसिंगचा हॉर्न फाटकाबाहेर वाजत होता.

पुढच्या शनिवारी विक्कीने लांबलचक पर्याय निवडले, वर्षाचा एक चुकला, लालसिंगने नऊपर्यंत मजल मारली. सगळी यादी हिरवीगार झाली. मधोमध एक लाल रकाना.

क्षितिजने दीपमालाचा पासवर्ड लिहिला आणि खोडला. मग उठून स्टाफरूमचं दार उघडून आला, जसं काही नेटवर्क तिथूनच आत येणार होतं. साडेचारला केबिनमधून फोन आला.

"एक लाल दिसतंय मला, क्षितिज."

"भरते आहे, सर, ती."

"भरते आहे की भरून झालंय?"

"भरते आहे."

पाचाला थोडा अवकाश असताना दीपमालाच्या नावासमोर 'चाचणी सुरू' अशी हिरवी अक्षरं उमटली. क्षितिज खुर्चीत पुढे सरकला. अक्षरं लगेच विझली. रकाना पुन्हा लाल.

त्याचे हात टेबलावर होते. ते त्याने मांडीवर घेतले.

पाच वाजले. पान करडं झालं. केबिनचा फोन पुन्हा वाजू लागला. तो वाजून वाजून थांबला.

उकंडा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. सगळ्या कॉलेजात एवढी एकच खोली उघडी राहिली होती.

"लावू काय, सर, कुलूप?"

"थोडं थांबा, उकंडाभाऊ."

"कोणी याचं हाये काय अजून?"

"दार एकदा वाजलंय," क्षितिज पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

उकंडाने दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं.